वाघबारशीचा वाटा

वेरावळ,
२४ ऑक्टोबर २०२५

ति. मोहिनीताईस,

जीवनचा नमस्कार. आयला पण सांग. बाबा द्राक्षबागेतून आले असले तर त्यांना पण.

पत्र बघून दचकू नको. मला काय झालं नाय, मोबाईलला झालं. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पडला. काढला तर त्याच्यातून पाणी निघालं आणि एक झिंगा. झिंगा जिता होता, मोबाईल नव्हता. आता नवा घेईपर्यंत पत्रच. आणि घेतला तरी काय, रेंज पकडायला तुला खिंडीवर चढायला लागतंय. पोटात बाळ, सातवा महिना, खिंड चढू नको, मी सांगतो.

दिवाळीला आलो नाय म्हणून आय रागावली असंल. पण सणाच्या तोंडावरच बोटी भरून आल्या आणि कंपनीने कुणालाच सोडलं नाय. मासळी गोठवायची कंपनी हाय ही. मासळी धुवायची, खोक्यात भरायची, गोठवायची आणि परदेशात पाठवायची. मी ट्रॉली ढकलतो. आतल्या खोलीत उणे अठरा. जाकीट, कानटोपी, मोज्यांवर मोजे. आत गेलं की नाकातला वारा गोठतो, बाहेर आलं की पाठीवरून घामाची धार. दिवसभर आत बाहेर, आत बाहेर. माणसाला कळत नाय आपण गोठलोय का वितळलोय.

पण मी ठेकेदाराला सांगून ठेवलंय. एक तारखेला, शनिवारी, येतो. पक्का. सुरतेला येऊन नाशिकची एसटी धरतो आणि पेठला उतरतो. आयला सांग, संध्याकाळच्या जीपला मी हाय.

मी पाठवलेला फ्रीज कसा हाय? आय अजून त्याला हळदीकुंकू लावती का?

तुझा भाऊ,
जीवन


पाडा, ता. पेठ,
४ नोव्हेंबर

चि. जीवन यास,

ताईचा आशीर्वाद. पण अर्धाच. उरलेला अर्धा तू आल्यावर.

शनिवारी आम्ही तुझी वाट बघितली. एक जीप आली, दुसरी आली, शेवटचीही आली. शेवटच्या जीपमधून दोन माणसं आणि एक शेळी उतरली. आय म्हणाली, "शेळीला घर आठवतं." एवढंच बोलली आणि घरात गेली.

आता फ्रीजचं. हळदीकुंकू रोज लागतं. लाईट गेली की आय त्याच्यावर गोधडी टाकते. मी हसले, म्हटलं, त्याला थंडी वाजते का? तर म्हणते, "त्याला नाय, पण आतली थंडी बाहेर पळू नाय म्हणून." पाड्यावर पहिलाच फ्रीज, त्यामुळे पोरं बर्फाला येतात. आय कुणाला वरचा, बर्फाचा कप्पा उघडू देत नाही. कारण तिथे तुझा वाटा आहे.

तुला आपल्या घरचं माहीत आहे. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला वाघदेवापुढे बोकड कापला की घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने मटणाचा वाटा निघतो, आणि जो बाहेरगावी असेल त्याचा वाटा राखून ठेवायचा. त्याने येऊन खायचा. आजोबा मजुरीला गुजरातेत जायचे तेव्हा आजी त्यांचा वाटा मीठ चोळून चुलीवर सुकवायची आणि माळ्याला टांगायची. यंदा आय म्हणाली, "सुकवायचं कशाला? माझ्या पोराने फ्रीज पाठवलाय." बाबांनी येऊन त्यांचा वाटा खाल्ला आणि ते परत द्राक्षबागेच्या मजुरीला गेले. तुझा वाटा पिशवीत बांधून तिने वर ठेवला. मांडीचा तुकडा आहे, तुझ्या आवडीचा.

शुक्रवारी संध्याकाळी तिने तो बाहेर काढला. पार दगड झाला होता. परातीत घालून रात्रभर चुलीच्या उबेला ठेवला, तू यायच्या दिवशी मऊ व्हावा म्हणून. शनिवारी काळा मसाला वाटला. तू आला नाहीस. रविवारी सकाळी तिने तो पुन्हा पिशवीत घालून वर ठेवला. मी म्हटलं, आय, आपणच खाऊन टाकू का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चुलीकडे वळले.

अंगणवाडीतल्या बाई म्हणाल्या, माझ्या अंगात रक्त कमी आहे, मटण-अंडी खा. अंडी खाते. तू काळजी करू नकोस, फक्त ये.

ताई


वेरावळ,
९ नोव्हेंबर

ताई,

मी चुकलो, लिहून देतो. शुक्रवारी पिशवी भरून, पायात बूट घालून स्टँडावर पोचलो होतो. तिथे ठेकेदाराचा माणूस आला, म्हणाला आज ट्रक लागलेत, आज गेलास तर परत येऊ नको. मी म्हटलं, नाय येत जा. भांडलो. मग म्हटलं, भांडून घरी जायचं आणि आयला काय सांगायचं, काम सोडून आलो? म्हणून दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभा राहिलो आणि तिथे घेतलं. तुला माहीत हाय माझं, एका जागी माझं बूड टिकत नाय. पण आता टिकवणार.

इथे माझ्या खोलीवर अश्विन म्हणून पोरगा हाय, याच कंपनीत, धरमपूरकडचा. आपल्यासारखंच बोलतो. नागलीची भाकर म्हटलं तर डोळ्यात पाणी आणतो. त्याला मी आपल्या वाट्याचं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या घरी माझा वाटा राखत नाय, माझं नाव काढलं की शिव्या राखतात.

आता ऐक. पंधरा तारखेला शनिवारी येतो. या वेळी कुणाशी भांडत नाय. आणि समजा नाय जमलं, तर आयला सांग, माझा वाटा ताईला घाल. मी माझ्या हाताने लिहून देतो. तुला रक्त कमी हाय आणि मी इकडे मासळी खाऊन फुगलोय. आय म्हणंल, ज्याचा वाटा त्यानेच खायचा. तिला सांग, ज्याचा वाटा त्याने दिला तर दुसऱ्याला चालतो, आजोबांनी एकदा माझ्यासाठी असंच केलं होतं.

पण मी येणारच. काळा मसाला वाटून ठेव म्हणावं.

जीवन


पाडा,
१९ नोव्हेंबर

जीवन,

तू काय करतो आहेस? खरं सांग.

तुझं पत्र गुरुवारी आलं. शुक्रवारी आयने वाटा काढला, परातीत घातला, चुलीपाशी ठेवला. तुला माहीत आहे ती कशी असते. मसाला, कोथिंबीर, नागलीचं पीठ, सगळं. शनिवारी पाऊस नाही, वारं नाही, तरी जीपच्या रस्त्यावर ती छत्री घेऊन बसली होती, ऊन लागू नये म्हणून. तू आला नाहीस.

रविवारीही ती म्हणाली, एखादी गाडी चुकली असेल, आज येईल. वाटा परातीतच. रविवारी संध्याकाळी वर ठेवला. आणि सोमवारी करंजाळीच्या अलीकडे तारेवर झाड पडलं. लाईट गेली ती मंगळवारी रात्री आली. गोधडी होतीच, पण पोरं बर्फ बघायला येत होती आणि आय नसताना कुणी ना कुणी दार उघडत होतं. मंगळवारी सकाळी फ्रीजखाली लालसर पाणी आलं होतं. खालच्या कप्प्यातल्या भाजीवरही ठिबकलं होतं. मी भाजी धुऊन घेतली. वास? थोडा होता. आय म्हणाली, फ्रीजचाच आहे, नवीन वस्तूला वास असतोच. तू हा जुनाच घेऊन पाठवलास, जीवन, माझ्या लग्नाआधीचा आहे.

लाईट आल्यावर सगळं पुन्हा दगड झालं. आय म्हणाली, "बघ, काय बिघडलं नाय."

तुझा शब्द मी तिला वाचून दाखवला, ताईला घाल म्हणून. ती लगेच तयार झाली नाही. दोन दिवस गेले. मग म्हणाली, "त्याने दिलाय ना तोंडाने? मग ओटीच्या दिवशी घालीन." माझ्या सासरची माणसं ओटी भरायला डिसेंबरात येणार आहेत, तुझे दाजी सिन्नरच्या कंपनीतून सुटी घेणार आहेत. त्या दिवशी पाहुण्यांना कोंबडी, आणि मला तुझा वाटा. आय आता त्याच तयारीत आहे. माझ्या तोंडाला पाणीही सुटतं, खोटं कशाला सांगू.

तू बरा आहेस ना? लगेच लिही.

ताई


वेरावळ,
२४ नोव्हेंबर

ताई,

मी बरा हाय.

हे पत्र आयला नंतर वाचून दाखव, आधी तू वाच. ते मटण खाऊ नको. तू नाय, आय नाय, कुणीच नाय. कुत्र्याला पण टाकू नको. लांब नेऊन खड्ड्यात पूर आणि वर दगड ठेव.

तू म्हणशील, काय झालं याला. सांगतो. नव्या कंपनीत तपासणीच्या मॅडम हायत. त्या लय कडक. त्यांनी मला समजावून सांगितलं, एकदा नाय, दोनदा. मी आधी हसलो होतो त्यांना.

थंडीने जंतू मरत नायत. झोपतात. आपल्याला वाटतं दगड झालं म्हणजे संपलं, तसं नाय. बाहेर काढून उबेला ठेवलं की वरचं मांस आधी वितळतं, आत दगडच असतो, आणि वरच्या मांसात ते उठून वाढायला लागतात. चुलीची ऊब म्हणजे त्यांना अंगणच. मग परत गोठवलं की ते परत झोपतात, पण आता आधीपेक्षा लय जास्त. परत काढलं की आणखी जास्त. आयने ते दोनदा उबेला ठेवलं, दोन्ही वेळा दोन-दोन रात्री, आणि वर लाईट गेल्यावर एकदा आपोआप वितळलं. आणि प्रत्येक वेळेला मी येतो म्हणून लिहिलं होतं.

आय म्हणंल, चांगलं उकळीन. ताई, उकळून जंतू मरतात, पण त्यांनी जे विष सोडलं ते सगळं जात नाय. आणि वास नाय म्हणजे चांगलं असंही नाय. वास नसलेलंच जास्त फसवतं. चाखून तर अजिबात बघू नको.

मी बरा हाय, माझी काळजी करू नको.

पुढच्या वेळेसाठी आयला सांग. मटण ठेवायचं तर लहान लहान पिशव्यांत, एका वेळी लागेल तेवढंच, म्हणजे सगळं काढायला नको. काढायचं तर आदल्या दिवशी वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात, ताटात, भाजीच्या खाली, म्हणजे पाणी भाजीवर ठिबकत नाय. तिथे ते थंडीतच हळूहळू मऊ होतं. तसं झालेलं, गारच असलेलं, कधी परत गोठवलं तर चालतं, फक्त चव जाते. पण एकदा बाहेर उबेला आलेलं परत वर ठेवायचं नाय. शिजवायचं. शिजवून उरलं तर लगेच गार करून ते गोठवलं तरी चालतं. आणि लाईट गेली की गोधडी बरोबर हाय, आय हुशार हाय, पण दार उघडायचं नाय, पोरांना मारून पळव.

आणि ती भाजी जी धुतलीस, ती पण टाक.

इथे एका ओळखीच्या पोराने असंच खाल्लं. परत गोठलेलं. लय आजारी पडला. म्हणून मला कळलं. मी बरा हाय.

पंधराला आलो नाय त्याचं कारण मग सांगतो. लय लिहिलं की हात दुखतो.

ताई, मी दिलेला शब्द आता देत नाय. माझा वाटा तुला नको. फेक.

जीवन


पाडा,
२८ नोव्हेंबर

जीवन,

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग आयला वाचून दाखवलं. सगळं एकदम नाही, थोडं थोडं करून. शेवटच्या ओळीला ती उठली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"फेक म्हणतो?"

मी म्हटलं, आय, तो आपल्या भल्यासाठीच सांगतोय.

"वाटा कुणाचा फेकतात, माहीत हाय ना तुला?"

मला माहीत आहे, तुलाही आहे. माणूस गेलं की त्याचा वाटा पानावर घालून शिवेबाहेर ठेवतात. आजोबांचा तसाच ठेवला होता, मी आणि तू लपून बघितलं होतं. आय म्हणाली, "जितं लेकरू हाय माझं. मी त्याचा वाटा शिवेबाहेर ठेवणार नाय. त्याला कंपनीचं मटण गोड लागत असंल, माझं नको. पण फेक असं लिहायचं नाय."

मी तिला जंतूंचं सांगितलं, झोपतात-उठतात ते. ती म्हणाली, "मग त्यांना मी उकळत्या पाण्यात झोपवते." तुला माहीत आहे ती कशी बोलते. हसावं की रडावं कळत नाही.

तुझा शब्द मागे घेतलास, तेही सांगितलं. ती म्हणाली, "दिलेलं परत घेत नायत. आधी दिलं, आता फेक म्हणतो. म्हणजे डोकं ठिकाणावर नाय. ओटीच्या दिवशी शिजवीन आणि मोहिनीला घालीन, ते पोटातलं बाळ तरी आपल्या मामाचं नाव घेईल." ओटी सहा तारखेला, शनिवारी आहे. सासरची बारा-पंधरा माणसं येतील.

आता माझं. तुझ्या या पत्रात "मी बरा हाय" हे तीनदा आहे, मी मोजलं. अक्षर असं आहे की जणू थरथरत लिहिलंय. आणि "लय लिहिलं की हात दुखतो" हे ट्रॉली ढकलणारा माणूस म्हणतो? तो ओळखीचा पोरगा कोण? अश्विन का?

मी शनिवारी नाही म्हणेन असं वाटतंय. पण पंधरा माणसांसमोर, आय ताट घेऊन उभी असताना, तोंडात पहिला घास तिच्या हाताने असताना... जीवन, मी नाही म्हणू शकेन असं मला वाटत नाही. तुला माझं माहीत आहे. तूच काही तरी कर.

ताई


वेरावळ,
४ डिसेंबर, दुपार

ताई,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. टपालाने उत्तर शनिवारपर्यंत येत नाय. खिंडीवरच्या महेशच्या दुकानाचा नंबर लावला, लागत नाय. म्हणून सावळीरामभाऊकडे हे देतोय. ते मासळीचा ट्रक घेऊन कपराडा घाटातून नाशिकला जातात, पेठ वाटेतच पडतं. स्टँडावरच्या जीपवाल्याकडे देतील. शनिवारी सकाळी तुझ्या हातात पाहिजे. ट्रक भरतोय, मी तो भरेपर्यंत लिहिणार.

हे आयला वाचून दाखव. सगळं. काय गाळू नको.

आय, तो ओळखीचा पोरगा मीच.

कंपनीत लाईट गेली होती आणि जनरेटर बंद पडला. एक खोली वितळली. मॅडमने सगळा माल फेकायला लावला. एवढा माल, आय, चांगला दिसणारा, वास नसलेला. फेकायच्या आधी त्याच्यावर निळा रंग ओततात, म्हणजे कुणी उचलून खाऊ नये. मला लय वाईट वाटलं. आपल्याकडे कुणी अन्न असं टाकतं का? अश्विनने रंग ओतायच्या आधी दोन पाकिटं जाकिटात घातली. आम्ही खोलीवर आणली, त्या दिवशी खाल्ली नाय, आमच्या खोलीवरच्या लहान फ्रीजात परत गोठवली. दोन दिवसांनी काढली. मसाला घालून, खळखळ उकळून खाल्ली. चव लय चांगली होती. खरं सांगतो, मला तुझी आठवण आली खाताना.

तेरा तारखेपासून मी दवाखान्यात होतो. म्हणून पंधराला आलो नाय. पोटात काय राहत नव्हतं, पाणी पण नाय. हात असे थरथरायचे की मॅडमने चमच्याने पाणी पाजलं. त्या लय बोलल्या मला, आणि मग समजावून सांगितलं, ते मी ताईला लिहिलं. अश्विन अजून सलाईनवर हाय. तो माझ्यापेक्षा जास्त खाणारा. शुद्धीत हाय, कालपासून थोडी पेज घेतो. तुम्हाला कळवलं नाय कारण तू पेठला येऊन वेरावळच्या बसमध्ये चढली असतीस, तुला ओळखतो मी.

मी धडधाकट माणूस, जाकीट घालून थंडीत ट्रॉली ढकलणारा. माझी ही गत झाली. ताईच्या पोटात बाळ हाय, आय. तिला रक्त कमी हाय. तिला हे झालं तर?

तू म्हणतीस, जित्या माणसाचा वाटा फेकत नायत. बरोबर. मी फेक म्हटलं ते चुकलो, भीतीने लिहिलं. आता नीट लिहितो. तो वाटा वाघदेवाचा होता, त्याने मला दिला. मी तो त्याला परत देतो. शिवेबाहेर नको ठेवू. वाघदेवाच्या दगडापाशी खड्डा कर, खोल, कुत्र्याकोल्ह्याच्या नाकाला लागणार नाय एवढा, आणि म्हण, जीवनने त्याच्या हाताने परत दिलाय. दिलेलं परत घेत नायत म्हणतीस, पण देवाला परत देता येतं. हे मी ताईला दिलेल्या शब्दाच्या वरचं हाय, शेवटचं. मला माझा वाटा नको म्हणून नाय. मला आपलं घर पाहिजे म्हणून.

आणि आय, या पत्रात मी येतो म्हणून तारीख लिहीत नाय. माझ्या "येतो"ने ते दोनदा वितळलं. मी येईन तेव्हा दारात उभा राहीन.

ट्रक सुटतोय. सावळीरामभाऊ हॉर्न वाजवतात.

जीवन


पाडा,
८ डिसेंबर

जीवन,

आधी हे: मी खाल्लं नाही. कुणीच खाल्लं नाही. बाळ पोटात लाथा मारतंय, म्हणजे तेही ठीक आहे.

आता सगळं सांगते, नीट बसून वाच.

शनिवारी सकाळपासून घर भरलं होतं. सासूबाई, जावा, त्यांची पोरं, तुझे दाजी. आयने आदल्या दिवशी वाटा काढला होता. या वेळी चुलीजवळ नव्हता, खालच्या कप्प्यात ताटात ठेवला होता. तू लिहिलेलं तिने ऐकलं होतं, कबूल मात्र केलं नाही. मला वाटलं, एवढं ऐकलं तर उरलेलंही ऐकेल. पण अकराच्या सुमाराला तिने मांडीचा तुकडा पातेल्यात टाकला, मसाला फोडणीला घातला. वास सगळ्या अंगणात. जाऊबाई म्हणाल्या, "मोहिनीचं वेगळं शिजतंय वाटतं, आम्हाला कोंबडीच." सगळे हसले. मी पाटावर बसले होते, ओटी मांडलेली.

तेवढ्यात जीपवाला काळू घामाघूम होऊन आला. म्हणाला, पेठला एका ट्रकवाल्याने दिलंय, ताबडतोब पोचव म्हणाला, काय तरी जिवाचं आहे. मी पाटावरूनच पत्र फोडलं. आयला हाक मारली. ती पळी घेऊन आली. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सगळ्यांसमोर, तू म्हणालास ना काही गाळू नको.

"तो ओळखीचा पोरगा मीच" इथे ती जमिनीवर बसली. पळी हातात तशीच, रस्सा तिच्या लुगड्यावर ओघळत होता. चमच्याने पाणी पाजलं त्या ओळीला तिने डोळ्याला पदर लावला. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी शेवटपर्यंत वाचलं.

मग ती उठली. चुलीवरचं पातेलं उचललं. कापडानेही नाही, नुसत्या पदराने. दाजी म्हणाले, आत्या, मी नेतो. "नाय," म्हणाली, "माझ्या लेकाचा वाटा हाय, मीच नेते." खड्डा मात्र दाजींनी केला, कमरेइतका. आम्ही सगळे गेलो, ओटीचं ताट तसंच सोडून. आयने पातेलं उपडं केलं आणि म्हणाली, "देवा, माझ्या पोराने त्याच्या हाताने परत दिलाय. राग मानू नको. त्याला दारात आण." मग आम्ही माती लोटली, वर दगड ठेवले.

घरी आल्यावर तिने पातेलं तीनदा राखेने घासलं. फ्रीज बंद करून सगळा रिकामा केला, गरम पाण्याने आतून पुसला, साबणाने, मग पुन्हा गरम पाण्याने. खालच्या कप्प्यातलं जे काही होतं ते फेकलं. मग माझी ओटी भरली. पाहुण्यांना कोंबडी, मलाही कोंबडी, सोबत उडदाची आमटी आणि नागलीची भाकर. आयने पहिला घास मला भरवला आणि म्हणाली, "हे आजचंच हाय, खा."

त्या रात्री तिने एकच गोष्ट विचारली. "त्याने आधी का नाय लिहिलं?" मी म्हटलं, तुला काळजी वाटेल म्हणून. ती म्हणाली, "आणि आता वाटत नाय का?" याचं उत्तर तूच आल्यावर दे.

अश्विनला सांग, त्याच्या घरचे शिव्या राखतात तर आमच्याकडे त्याचा वाटा आहे. आयनेच सांगायला सांगितलंय.

आता खाली ती सांगते तसं लिहिते, एक अक्षर न बदलता:

"जीवन, तुझा वाटा मी आता फ्रीजात ठेवत नाय. शेजारच्या पुंजाकडनं एक कोंबडा आणलाय. लाल, तुऱ्याचा. दिवसभर अंगणात फिरतो, नागली टिपतो, मोहिनीच्या अंगावर धावतो. त्याला तुझं नाव ठेवलंय, कारण तो पण एका जागी बसत नाय. लाईट गेली तरी त्याचं काय बिघडत नाय. तू येतो म्हणून लिहू नको. तू येशील तेव्हा दारात उभा राहा, मला हाक मार, तोंड दाखव. तेव्हा मी कापीन. तोवर तो खाऊन खाऊन मोठा होईल. तुला जास्त उशीर झाला तर वाटा तेवढा मोठा."

ती आत्ताच अंगणात गेली, त्याला हाका मारतेय. तुझ्याच नावाने, जीवन.

ताई